दुहेरी बाद पद्धत : अपराजित खेळाडू अंतिम सामन्यात एकदाच हरला, तर विजेता कोण?

प्रश्न : क्रीडासचिव

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण सोसायटीत गणेशोत्सवात दरवर्षी कॅरमची स्पर्धा होते आणि तिचे नियोजन काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. पूर्वी आम्ही साधी बाद पद्धत वापरत असू. पहिल्याच संध्याकाळी निम्मे खेळाडू बाद होतात आणि चिठ्ठ्या टाकताना दोन चांगले खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर आले, तर त्यांपैकी एकाची स्पर्धा तासाभरात आटोपते, अशी तक्रार दरवेळी येई. म्हणून यंदा १६ खेळाडूंसाठी दुहेरी बाद पद्धत ठेवली. पहिला पराभव झालेला खेळाडू पराभूत गटात जातो, तिथे पुन्हा हरला तर बाद होतो, आणि विजेता गटातला पहिला व पराभूत गटातला पहिला यांच्यात अंतिम सामना होतो, इतके सर्वांना समजावून सांगितले होते. सूचना फलकावर मी स्वतःच्या हाताने लिहिले होते : "दोन पराभव झाल्याशिवाय कोणीही बाद होणार नाही."

नववीत शिकणारी एक मुलगी विजेता गटातले चारही सामने जिंकून अंतिम सामन्यात पोहोचली. त्या गटाच्या शेवटच्या सामन्यात तिने ज्या गृहस्थांना हरवले, तेच पराभूत गटाचा शेवटचा सामना जिंकून पुन्हा तिच्यासमोर बसले. अंतिम सामना तिसऱ्या गेमच्या आठव्या बोर्डापर्यंत गेला. बोर्ड सुरू झाला तेव्हा ती १९-१८ अशी पुढे होती. त्या गृहस्थांनी राणी घेतली, लगेच कव्हर केली आणि त्यांची शेवटची सोंगटी पॉकेटमध्ये गेली तेव्हा तिची एकच सोंगटी बोर्डावर उरली होती. सोंगटीचा एक आणि राणीचे तीन मिळून चार गुण, म्हणजे २२-१९. टाळ्या झाल्या, प्रमुख पाहुणे खोळंबलेच होते, त्यामुळे करंडक लगेच दिला गेला. मुलगी खुर्चीवरून उठली नव्हती. तिने मला शांतपणे विचारले, "काका, माझी दुसरी हार कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. अशा वेळी आणखी एक सामना खेळवणे बंधनकारक असते का? की अंतिम सामना हा अंतिमच मानायचा? समितीत दोन्ही मतांची माणसे आहेत आणि पुढच्या वर्षासाठी नियमावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ज्यांनी अशा स्पर्धा घेतल्या आहेत किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : अंकगणित

तुमच्या फलकावरचे वाक्य आणि तुम्ही दिलेला निकाल यांचा मेळ बसत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो. प्रत्येक सामन्यात एक आणि एकच पराभव होतो. १६ जणांपैकी १५ जण बाद व्हायचे असतील आणि प्रत्येकाला दोन पराभव लागणार असतील, तर ३० पराभव, म्हणजे ३० सामने झाले पाहिजेत. विजेता स्वतः एकदा हरलेला असेल, तर तो पराभव धरून ३१. यंदाचे तुमचे विजेते एकदा हरलेले आहेत, म्हणून त्यांना विजेते ठरवण्यासाठी ३१ सामने लागत होते. तुम्ही तक्ता काढून मोजलेत तर विजेता गटात १५, पराभूत गटात १४ आणि अंतिम एक असे ३० च भरतील. जो एक सामना झाला नाही, तोच त्या मुलीने मागितला.

या पद्धतीत तुमच्या त्या अंतिम सामन्यासारखी स्थिती आली की दोघांचाही एकेक पराभव झालेला असतो, म्हणून लगेच निर्णायक सामना खेळवतात. लढतीच्या व्हिडिओ गेमच्या जगात लास व्हेगासला भरणारी इव्हो ही मोठी स्पर्धा याच नियमाने चालते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये प्रादेशिक फेरीच्या एकेका गटात चार संघ दुहेरी बाद पद्धतीने खेळतात. तिथे वरच्याच हिशेबाने सहा किंवा सात सामने होतात, आणि सातवा सामना "गरज पडल्यास" अशा शब्दांत वेळापत्रकात आधीपासून छापलेला असतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तो सामना कोणावर केलेली मेहरबानी ठरत नाही, तो पद्धतीचाच भाग असतो, आणि त्यासाठीची वेळ व मैदान आधीच राखून ठेवलेले असते.

दोन खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत असे धरले, तर निर्णायक सामन्याची तरतूद असताना अपराजित खेळाडूच्या विजेतेपदाची शक्यता ७५ टक्के असते, कारण त्याला दोन सामन्यांपैकी एकच जिंकायचा असतो. तरतूद काढून टाकली की ती ५० टक्क्यांवर येते. चार सामने सलग जिंकून मिळवलेले सगळे त्या एका निर्णयात जाते, आणि ज्याला दुसरी संधी आधीच मिळून गेली आहे तो अजून संधी शिल्लक असलेल्याच्या बरोबरीला येऊन बसतो.

उत्तर २ : स्ट्रायकर

मी बरीच वर्षे स्थानिक कॅरम स्पर्धांत पंच म्हणून काम केले आहे. अंकगणित यांचा हिशेब बिनचूक आहे, पण सोसायटीच्या स्पर्धेत घड्याळही पाहावे लागते. तीन गेमचा सामना, प्रत्येक गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे चुरशीचा सामना सव्वा तास सहज घेतो. रात्री साडेदहाला अंतिम सामना संपल्यावर दुसरा सुरू करा म्हटले, तर पंच, खेळाडू आणि प्रेक्षक सगळ्यांचेच लक्ष उडालेले असते आणि त्या अवस्थेत लागलेला निकाल न्याय्य म्हणणेही कठीण जाते.

मी स्वतः ज्या ठिकाणी ही पद्धत राबवली, तिथे एक मधला मार्ग काढला होता. अपराजित खेळाडूने एका गेमच्या आघाडीने अंतिम सामना सुरू करायचा. त्याने एक गेम जिंकला की तो विजेता, समोरच्याने मात्र लागोपाठ दोन्ही जिंकले पाहिजेत. जास्तीत जास्त दोन गेममध्ये निकाल लागतो आणि केवळ तुल्यबळ खेळाडूंचाच विचार केला तर शक्यताही तीच येते, ७५ टक्के. पाच गेमचा सामना ठेवून एका गेमची आघाडी दिली तर ती सुमारे ६९ टक्के येते. हा पर्यायही वाईट नाही, कारण खेळ जास्त होतो आणि प्रेक्षकांना अंतिम सामना पाहिल्यासारखे वाटते.

यंदाच्या निकालाबद्दल एक सांगतो. आक्षेप कधी घेतला याला पंचांच्या दृष्टीने मोठे महत्त्व असते. चार दिवसांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून अर्ज आला असता, तर मी तो फेटाळा असेच म्हटले असते. पण तुमच्या वर्णनाप्रमाणे ती मुलगी खुर्चीवरून उठण्यापूर्वीच बोलली, म्हणजे तिने योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीकडे आक्षेप नोंदवला होता. करंडक देण्याची घाई समितीने केली. त्याचा भार तिच्यावर टाकू नये.

उत्तर ३ : क्रिकेटवेडा

मला वरील दोन्ही मते एकांगी वाटतात. अंतिम सामना हा शब्द उच्चारला की जो जिंकेल तो विजेता, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की ती मोडणे प्रेक्षकांनाही पटणार नाही.

आयपीएलचे उदाहरण घ्या. २०११ पासून तिथे गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन संघांना एक पराभव माफ असतो. पहिल्या क्वालिफायरमध्ये जो हरतो, त्याला दुसऱ्या क्वालिफायरमधून अंतिम सामन्यात येता येते. पण जो पहिल्या क्वालिफायरमध्ये जिंकला त्याला अंतिम सामन्यात कसलीही आघाडी नसते. २०१७ साली पुण्याच्या संघाने मुंबई इंडियन्सला साखळीत दोनदा आणि वानखेडेवर पहिल्या क्वालिफायरमध्ये एकदा, असे तीन वेळा हरवले होते. मुंबईने दुसऱ्या क्वालिफायरमध्ये कोलकात्याला हरवले आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात १२९ धावा करून पुण्याला १२८ वर रोखले. मी पुण्याचा. त्या एका धावेचे दुःख आजही आहे, तरीही पुण्याला आणखी एक सामना मिळायला हवा होता असे मला त्या रात्री वाटले नाही आणि आजही वाटत नाही, कारण नियम सर्वांना हंगाम सुरू होण्यापूर्वी ठाऊक होता.

डोटा २ या संगणकीय खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतही, द इंटरनॅशनलमध्ये, हेच दिसते. २०१७ मध्ये लिक्विड आणि २०२१ मध्ये स्पिरिट हे संघ खालच्या गटातून वर आले आणि अंतिम सामना पाच गेमचा असूनही अपराजित प्रतिस्पर्ध्याला एकाही गेमची आघाडी नव्हती. खालच्या गटातून आलेला खेळाडू अधिक सामने खेळून, प्रत्येक वेळी बाद होण्याच्या टोकावर उभा राहून तिथे पोहोचलेला असतो. त्याच्या कष्टाला काही मोल आहे की नाही?

उत्तर ४ : अंकगणित

क्रिकेटवेडा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, पण त्यांच्या मधल्या वाक्यात या चर्चेचे मर्म आले आहे. "नियम सर्वांना हंगाम सुरू होण्यापूर्वी ठाऊक होता." आयपीएलने कधीही दोन पराभवांशिवाय कोणी बाद होणार नाही असे म्हटलेले नाही. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या संघांना एकही पराभव माफ नसतो. तिथला करारच वेगळा आहे आणि तो पाळला गेला. क्रीडासचिवांच्या फलकावरचा करार वेगळा होता आणि तो शेवटच्या सामन्यात मोडला गेला. म्हणून पुण्याचे दुःख आणि त्या मुलीची तक्रार या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत.

जास्त सामने खेळण्याच्या कष्टाबद्दल बोलायचे तर १६ जणांच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेला खेळाडू अंतिम सामन्यापर्यंत आला, तर तो त्याचा आठवा सामना असतो आणि अपराजित खेळाडूचा पाचवा. हे कष्ट खरे आहेत. पण ते पराभवामुळे आले आहेत, आणि त्या पराभवाची भरपाई म्हणून अपराजित खेळाडूची संधी काढून घेणे मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही.

स्ट्रायकर यांच्या एका गेमच्या आघाडीबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. खेळाडू तुल्यबळ असताना दोन्ही मार्ग सारखे दिसतात, पण एक जण थोडा सरस असेल तर ते वेगळे होतात. समजा एक खेळाडू दर दहा गेमपैकी सहा जिंकतो, म्हणजे तीन गेमचा पूर्ण सामना तो सुमारे ६५ टक्के वेळा जिंकेल. तो अपराजित असेल तर निर्णायक सामन्याच्या नियमाने त्याच्या विजेतेपदाची शक्यता सुमारे ८८ टक्के, आणि एका गेमच्या आघाडीने ८४ टक्के. तोच खेळाडू पराभूत गटातून आलेला असेल तर अनुक्रमे ४२ आणि ३६ टक्के. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी पूर्ण निर्णायक सामना सरस खेळाडूला अधिक न्याय देतो. वेळेअभावी आघाडीचा नियम करायचा असेल तर जरूर करा, पण तो दुसऱ्या नियमाच्या तंतोतंत बरोबरीचा आहे असे समजून करू नका.

उत्तर ५ : आखाडा

मी कुस्तीच्या अंगाने लिहितो, कारण एका पराभवानंतर संधी मिळण्याचा अनुभव आपल्या देशाने कुस्तीत सर्वाधिक घेतला आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुशीलकुमार पहिलीच कुस्ती युक्रेनच्या स्टॅडनिककडून हरला होता. स्टॅडनिक अंतिम फेरीत गेला, म्हणूनच सुशीलला रेपेचाजची दारे उघडली आणि त्याच दिवशी पुढच्या तीन कुस्त्या जिंकून त्याने कांस्यपदक मिळवले. २०१२ मध्ये योगेश्वर दत्त आणि २०१६ मध्ये साक्षी मलिक याच वाटेने पदकापर्यंत गेले. पण हे दुहेरी बाद नव्हे. रेपेचाजमध्ये तुमची दुसरी संधी तुम्हाला हरवणाऱ्याच्या पुढच्या कामगिरीवर अवलंबून असते, आणि त्या वाटेने सुवर्णपदक मिळत नाही. तुमच्या समितीतल्या कोणी "कुस्तीतही असेच असते" असे म्हटले, तर हा फरक त्यांना सांगावा.

मला लिहायचे आहे ते विश्रांतीबद्दल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या काळी कुस्तीत ऋण गुण साठत जात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की मल्ल बाद होई, म्हणजे एका पराभवाने सगळे संपत नसे. जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून देऊन वेळ मागणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. आमच्या भागात ही हकिगत आजही तळमळीने सांगितली जाते. नियम कागदावर असतो, पण तो आपणहून बजावणारा माणूस आखाड्यापाशी नेमलेला नसेल, तर एकट्या खेळाडूने घामाघूम अवस्थेत तो कोणाला दाखवायचा?

दुहेरी बाद पद्धतीत हा प्रश्न हमखास येतो. विजेता गटाचा शेवटचा सामना हरलेला खेळाडू त्याच संध्याकाळी पराभूत गटाचा शेवटचा सामना आणि मग अंतिम सामना खेळतो, आणि अपराजित खेळाडू त्या वेळात बसून असतो. म्हणून निर्णायक सामन्याचा नियम लिहाल तेव्हा विश्रांतीचा नियमही त्याच कलमात लिहा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी पंचांवर टाका. खेळाडूने मागितली तर विश्रांती, असे लिहू नका.

क्रीडासचिव

सर्वांचे मनापासून आभार. आखाडा यांनी लिहिलेले आमच्या बाबतीत शब्दशः घडले होते. मी काल त्या विजेत्या गृहस्थांकडे जाऊन बोललो. त्यांनी रागावून काही म्हटले नाही, पण त्यांची बाजूही इथे मांडणे माझे कर्तव्य आहे. त्या संध्याकाळी ते लागोपाठ तीन सामने खेळले, त्यांतल्या दोन सामन्यांमध्ये जेमतेम पाणी पिण्याइतका वेळ मिळाला, आणि रात्री साडेदहानंतर चौथा सामना खेळा असे म्हटले असते तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला पटले. निर्णायक सामना न घेणे हा मुलीवर अन्याय आणि लगेच घेणे हा त्यांच्यावर अन्याय, असा पेच मीच वेळापत्रक आखताना निर्माण केला होता. निर्णायक सामना येत्या रविवारी सकाळी, दोघेही ताजेतवाने असताना खेळवावा, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आहे. ते गृहस्थ तयार आहेत. मुलीच्या आईने विचारून सांगते म्हटले आहे.

नियमावलीसाठी आणखी एक शंका आहे. विजेता गटातून हरलेल्या खेळाडूने पराभूत गटात कोणत्या जागी जायचे, हे मी यंदा सोयीप्रमाणे ठरवले आणि दोन जोड्या दुसऱ्यांदा समोरासमोर आल्या. हे टाळता येते का? शिवाय पुढच्या वर्षी १६ ऐवजी ११ च नावे आली तर काय करायचे?

उत्तर ६ : स्ट्रायकर

रविवारचा प्रस्ताव योग्य आहे. पंच मात्र नवा नेमा आणि आधीच्या निकालाबद्दल त्या दिवशी कोणी चर्चा करू नये, एवढे पाहा.

जागांचा तक्ता चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी काढून फलकावर लावलाच पाहिजे, कारण सोयीप्रमाणे ठरवणे म्हणजे कोणाला सोपा प्रतिस्पर्धी द्यायचा हे आयोजकाच्या हाती येणे, मग त्याचा हेतू कितीही स्वच्छ असो. पहिल्या फेरीच्या सामन्यांना १ ते ८ क्रमांक द्या. १ आणि २ मधले विजेते ९ व्या सामन्यात भेटतील, ३ आणि ४ मधले १० व्यात, ५ आणि ६ मधले ११ व्यात, ७ आणि ८ मधले १२ व्यात. पराभूत गटाच्या पहिल्या फेरीत १ आणि २ मधले पराभूत एकमेकांशी खेळतील, तसेच पुढचे. आता ९ व्या सामन्यात हरलेल्याला १ आणि २ मधल्या पराभूतांच्या विजेत्यासमोर बसवले, तर त्याने दोन फेऱ्यांपूर्वी ज्याला हरवले त्याच्याशीच गाठ पडण्याचा संभव असतो. तुमच्याकडे बहुधा हेच झाले. म्हणून क्रम उलटा करा. ९ व्यातला पराभूत ७ आणि ८ च्या बाजूला, १० व्यातला ५ आणि ६ च्या, ११ व्यातला ३ आणि ४ च्या, १२ व्यातला १ आणि २ च्या. असे केले की त्या फेरीत आणि तिच्या पुढच्या फेरीत एकही जोडी पुन्हा भेटत नाही.

त्यानंतर मात्र संपूर्ण टाळणे शक्य नाही. विजेता गटाच्या उपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूने आधी दोघांना हरवलेले असते, आणि या मांडणीत पराभूत गटाच्या एका अर्धात त्यातला एक असतो व दुसऱ्या अर्धात दुसरा. कुठेही बसवले तरी एक ओळखीचा चेहरा समोर येऊ शकतो. त्याबद्दल कोणी तक्रार केली तर तक्ता दाखवून हे समजावून सांगता येते.

११ नावे आली तर १६ चाच तक्ता वापरा. पाच जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळेल आणि तीनच सामने होतील. पुढे चाल कोणाला द्यायची हे मानांकनाने किंवा चिठ्ठीने ठरवा, पण ठरवण्याची रीत आधी जाहीर करा. आयोजकांचे बहुधा दुर्लक्ष होते ते पराभूत गटाकडे. पहिल्या फेरीतून तीनच पराभूत खाली येणार असल्यामुळे तिथल्या आठ जागांपैकी पाच रिकाम्या राहतात, आणि ते तिघे कोणत्या सामन्यांतून आले यावर त्यांना तिथे प्रतिस्पर्धी मिळणार की खेळल्याशिवाय पुढे चाल, हे ठरते. ते तीन सामने तक्त्यात १, ४ आणि ६ क्रमांकांवर ठेवलेत, तर तिघांचीही पहिली जोडी रिकामी राहील आणि तिघांनाही सारखीच वागणूक मिळेल. १, २ आणि ६ वर ठेवलेत तर पहिल्या दोघांना आपसात खेळावे लागेल आणि तिसरा बसल्या जागी पुढे जाईल. एकूण सामने २० किंवा २१ होतील. एकविसावा सामना वेळापत्रकात "गरज पडल्यास" असे लिहून, अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घालून छापा.